कांदा, लसूण, गहू बंद असलेल्यांसाठी रत्नागिरीतला घरगुती डबा: माझा सात महिन्यांचा अनुभव

हा रिव्ह्यू लिहायला खरं तर उशीरच झाला. डबा करणाऱ्या काकूंनी कधी मागितला नाही आणि मीही आज लिहू उद्या लिहू करत राहिले. पण गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मुलीने विचारलं की ताई तुम्ही बाहेरचं काय खाता, मलापण डॉक्टरांनी आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे हळव्या आतड्याचा त्रास) सांगितलंय, आणि तिला सांगता सांगता अख्खा लंच टाइम संपला तरी निम्मं राहिलंच. म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे. ज्यांना फक्त डबा कसा आहे एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगते, चव छान, तिखट मध्यम, पावसाळा सोडला तर वेळेवर, आणि तुम्ही जे बंद सांगाल ते खरोखर बंद असतं. यातलं शेवटचं माझ्यासाठी सगळ्यात मोठं आहे.

मी मूळची राजापूरची, नोकरीसाठी रत्नागिरीत, मारुती मंदिरच्या जवळ रूम घेऊन राहते. पोटाचा त्रास चार वर्षांचा. सकाळी तीन तीन वेळा जायला लागायचं, मग मध्येच दोन दिवस काहीच नाही, दुपारी जेवलं की पोट इतकं फुगायचं की ड्रेसची नाडी सैल करून खुर्चीत बसायचे, आणि कळ. जाऊन आलं की कळ जरा कमी व्हायची म्हणून परत जायचं. ज्यांना हे नाहीये त्यांना कळत नाही की यात माणूस किती आतल्या आत बसतो. मी लग्नांना जाणं सोडलं होतं. एसटीने कोल्हापूरला जायचं म्हणजे आदल्या रात्रीपासून जेवण बंद, कारण साखरप्याला गाडी थांबली तर थांबली, एकदा आंबा घाट चढायला लागली की मलकापूर येईपर्यंत काही नाही, आणि त्या वळणांवर पोटात कळ आली की डोळ्यांत पाणी यायचं.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी रक्त, थायरॉइड, सिलिअॅकसाठीची (म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो आजार) टीटीजी ही रक्त तपासणी, आतड्याला सूज आहे का बघणारी शौचाची कॅल्प्रोटेक्टिन असं सगळं केलं आणि सगळं नॉर्मल आलं. घरच्यांना वाटलं नॉर्मल आहे म्हणजे काही झालेलंच नाही, मनाचं आहे. तसं नसतं. डॉक्टरांनी कागदावर आतडं काढून समजावलं की आतड्याला सूज नाही, जखम नाही, पण मेंदू आणि आतडं यांच्यात जो निरोप जातो-येतो तो बिघडलाय, त्यामुळे दुसऱ्याला जो गॅस जाणवणारही नाही तो तुम्हाला दुखतो. तीन महिने दर आठवड्याला किमान एक दिवस पोटदुखी, आणि ती शौचाशी, किती वेळा जावं लागतं त्याच्याशी किंवा शौच कशी होते त्याच्याशी जोडलेली, असं काहीसं मोजमाप असतं, त्यात मी बरोब्बर बसत होते. नाव मिळालं हेच मला तेव्हा पुष्कळ वाटलं.

मग मी जी चूक केली ती आधी सांगते, कारण तीच चूक ती ऑफिसातली मुलगी करायला निघाली होती. मी मोबाईलवर व्हिडिओ बघून स्वतःच सगळं बंद केलं. गहू बंद, डाळ बंद, दूध बंद, फळं बंद, कांदा लसूण तर बंदच. पाच महिने भात, मीठ, तूप आणि उकडलेला बटाटा. पोट बरं वाटायला लागलं हे खरं, पण वजन सहा किलो उतरलं, केस गळायला लागले, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जेवणाचीच भीती बसली. ताटात नवीन काही दिसलं की छातीत धडधडायचं. आई फोनवर विचारायची काय जेवलीस आणि मी खोटं सांगायचे.

त्यानंतर पुण्याच्या एक आहारतज्ज्ञ व्हिडिओ कॉलवर मिळाल्या आणि त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की हा जो डाएट तुम्ही अर्धवट ऐकून करताय त्याला लो फॉडमॅप म्हणतात, आणि त्याचा फक्त पहिला तुकडा तुम्ही धरून बसलाय. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश युनिव्हर्सिटीत ही पद्धत उभी राहिली, फॉडमॅप हा शब्द २००५ सालचा. काही प्रकारच्या छोट्या छोट्या साखरा असतात, कांदा लसूण गव्हातलं फ्रुक्टन, डाळी-कडधान्यांतलं जीओएस, दुधातलं लॅक्टोज, आंबा-सफरचंद-मध यातलं जास्तीचं फ्रुक्टोज, आणि पॉलिऑल म्हणून एक प्रकार जो फ्लॉवर मशरूममध्ये असतो. या साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, स्वतःबरोबर पाणी ओढतात, आणि पुढे मोठ्या आतड्यात गेल्या की तिथले जंतू त्या खाऊन गॅस करतात. हे सगळ्यांच्याच पोटात होतं, आपलं आतडं हळवं म्हणून आपल्याला दुखतं. आणि बंद फक्त दोन ते सहा आठवडे, जास्त नाही. त्यानंतर एकेक गोष्ट परत आणून बघायची, आणि मग जी खरंच त्रास देते तेवढीच बाजूला ठेवून बाकी सगळं आयुष्यभर खायचं. असे तीन टप्पे. बंद लांबवलं तर आतड्यातले चांगले जंतूही कमी होतात, म्हणजे ज्याला आपण उपाय समजतोय त्यानेच नुकसान.

आता हे सगळं ऐकायला ठीक आहे, पण आपलं कोकणातलं ताट डोळ्यासमोर आणा. कांदा-लसूण-खोबऱ्याचं वाटण, काळ्या वाटाण्याचं सांबारं, लसणीची फोडणी दिलेली कुळथाची पिठी, चवळीची उसळ, ओल्या काजूची उसळ, सोलकढीतपण लसूण ठेचलेली, आणि चैत्र वैशाखात आंबा. म्हणजे जे जे आपलं ते ते यादीत. मी दिवसभर ऑफिसात, रूमवर एकच शेगडी, स्वतः करून खायला जमेना. आधी शहरातल्याच दोन ठिकाणी डबा लावून बघितला. दोन्हीकडे फोनवर हो हो म्हणाले. एकाकडे कांदा दिसायचा नाही पण ग्रेव्ही तीच, वाटलेला कांदा तसाच आत. दुसरीकडे जैन डबा दिला, त्यात कांदा लसूण नव्हता खरा, पण रोज फ्लॉवर, राजमा, छोले आणि तीन चपात्या. जैन जेवण म्हणजे आपल्याला चालणारं जेवण हा गैरसमज खूप जणांचा असतो, तो काढून टाका.

काकूंचा पत्ता मला एका रिक्षावाल्या दादांकडून कळला. नाचणे रोडच्या बाजूला घर, बोर्ड वगैरे काही नाही, पुढे तुळशीवृंदावन आणि पडवीत डब्यांची रांग. काकू मूळच्या मालवणच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या, अजून घरात मालवणीच बोलतात. नोव्हेंबरमध्ये मी पहिल्यांदा गेले, यादी पुढे केली आणि नेहमीसारखी मान खाली घालून उभी राहिले की आता ह्याही म्हणणार हॉ जमेल जमेल. काकूंनी यादी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "कांदो नाय, लसूण नाय, मगे कालवणाक चव खयसून येतली? पण ता जाऊ दे, ह्या बंद कित्याक ता माका आधी सांग."

मला तोपर्यंत कोणी कशासाठी असं विचारलंच नव्हतं. मी पडवीतच बसून सांगितलं, डॉक्टरांसारखं कागदावर आतडं काढून. तासभर बसलो असू. लसणीवर आलो तेव्हा मी आहारतज्ज्ञांनी सांगितलेली एक गोष्ट बोलले की लसणीतलं ते फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही, त्यामुळे तेलात लसणीच्या पाकळ्या तळून काढून टाकल्या आणि नुसतं तेल वापरलं तर वास चव येते आणि त्रास होत नाही. काकू एकदम सरसावून बसल्या. "मगे सोप्पा आसा! पाणी घालूच्या आधी काढूक होयी, इतक्याच मा?" बरोब्बर इतकंच. पाकळी रश्श्यात राहिली आणि पाणी पडलं की ती रश्श्यात उतरणार. मला हे समजायला दोन दिवस लागले होते. कारण कळलेलं माणूस स्वयंपाक करतं आणि यादी बघून करणारं माणूस स्वयंपाक करतं, यात जमीन अस्मानाचा फरक आहे, आणि या डब्याचं सगळं श्रेय त्या एका तासाला आहे असं मला मनापासून वाटतं.

आता जेवण. सकाळी डब्यात घावणे किंवा उकड्या तांदळाची पेज (पेजेसाठी वेगळा फिरकीचा डबा देतात), दुपारी तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, भात, एक भाजी, एक पातळ. भाज्यांमध्ये वांगं, भेंडी, फरसबी, गाजर, पालक, पडवळ, बटाटा असं फिरतं. खोबरं त्या पूर्ण बंद करत नाहीत, पण मोजून घालतात, कारण थोडं चालतं आणि भरपूर झालं की त्याचाही त्रास होतो. कांद्याच्या जागी कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग, पांढरा गड्डा नाही. हा हिरवा भाग चालतो हे मलापण माहीत नव्हतं, आहारतज्ज्ञांना विचारून मी काकूंना कळवलं आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी परसात दोन कुंड्यांत कांदे लावले! हिंग चिमूटभर वापरतात. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो, आयबीएसवाल्यांना चिमटीएवढ्याने काही होत नाही, पण ज्यांना सिलिअॅक आहे त्यांनी तो हिंग बिलकुल खाऊ नये.

आणि मासे. मला वाटलं होतं डाएट म्हणजे मासे गेले. उलट मासे म्हणजे सगळ्यात सेफ, माशात ह्या साखरा नसतातच, त्रास असतो तो वाटणाचा आणि वरच्या रव्याचा. हो, रवा. तळलेल्या माशाला आपण रवा लावतो आणि रवा म्हणजे गहू, हे माझ्या चार वर्षांत डोक्यात आलं नव्हतं. काकू तांदळाचं पीठ लावून तळतात, थोडं जाडसर दळलेलं, त्यामुळे कुरकुरीत होतं. बांगड्याचं तिखलं तर मी आयुष्यात इतकं चांगलं खाल्लेलं नाही, बेडगी मिरची, धणे, हळद, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि तिरफळं, वर लसणीच्या तेलाची धार. त्यात मुळातच कांदा लागत नाही आणि तिरफळाचा वास सगळं भरून काढतो. काका सकाळी मिरकरवाड्याला जाऊन मासे आणतात, सौंदाळे, कोळंबी, कधी सुरमई. सोलकढी बिनलसणीची, पातळ नारळाच्या दुधाची, अर्धी वाटी. नाहीतर फुटी कढी, म्हणजे नारळाचं दूध न घालता नुसती कोकमाची, ती मला सोलकढीपेक्षा जास्त मानवली.

दहाव्या दिवशी दुपारी जेवून उठले आणि तासाभराने लक्षात आलं की नाडी सैल केलेलीच नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, खरं सांगते.

तिसऱ्या आठवड्यात मात्र गडबड झाली आणि ती लिहायलाच हवी. काकू दोन दिवस मालवणला माहेरी कार्याला गेल्या, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी डबा केला, आणि कोळंबीच्या रश्श्यात बाजारचा पाकिटातला मसाला घातला. त्यात कांद्याची आणि लसणीची पावडर होती. पावडर म्हणजे तर वाळवून एकवटलेलं, थोडीशीसुद्धा भरपूर. संध्याकाळी पोट फुगलं, रात्रभर कळा, दुसऱ्या दिवशी रजा. मी फोन केला तेव्हा माझ्या आवाजात राग होता. काकू परत आल्या त्या दिवशी संध्याकाळी स्वतः रूमवर आल्या, हातात ते पाकीट घेऊन, मागची बारीक अक्षरं दाखवत म्हणाल्या, "चूक माझी आसा बाय, मी सांगून जावक होया होता." पैसे परत करत होत्या, मी घेतले नाहीत. त्या दिवसापासून माझ्या डब्याच्या कडीला लाल दोरा बांधलेला असतो, घरात कोणीही स्वयंपाक केला तरी लाल दोऱ्याच्या डब्यात पाकिटातलं काही जात नाही. सात महिन्यांत परत असं झालं नाही. माझ्यासारखे आता तिथे अजून तीन डबे आहेत, सगळ्यांना दोरे.

चार आठवडे झाले, डिसेंबर संपत आला, आणि आहारतज्ज्ञ म्हणाल्या आता परत सुरू करा. मी दोन आठवडे टाळलं. बरं वाटतंय तर कशाला छेडा, असं वाटायचं. इथे काकूंनी जे केलं ते डबा सेवेच्या कामात बसत नाही. मी नको म्हटल्यावर त्या चिडल्या, "अशी किती दिस पेज खाऊन रवतलंस? पोटाक भियान कसा चालात?" आणि दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर एक छोटी बाटली आली, त्यात पाव कप दूध. पद्धत अशी की एका वेळी एकच गोष्ट, तीन दिवस वाढत्या मापाने, मग दोन तीन दिवस परत साधं जेवण, पोट शांत झालं की पुढची गोष्ट. बाकीचं जेवण तेव्हाही बंदवालंच ठेवायचं, नाहीतर कशाने झालं ते कळत नाही. काकूंनी वही केली. पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक कप, आणि मी संध्याकाळी फोनवर सांगायचं कसं वाटलं. दुधात मी अर्ध्या कपापर्यंत ठीक, एक कपाला ढवळलं. म्हणजे चहा चालू! चार वर्षं मी कोरा चहा पीत होते, कारण नसताना.

गव्हाची मला सगळ्यात जास्त भीती. पहिल्या दिवशी अर्धी चपाती, मग एक, मग दोन. काही झालं नाही. मी विश्वास ठेवेना, पुढच्या आठवड्यात परत केलं, परत काही नाही. मी पाच महिने जो गहू शत्रू समजून बसले होते तो माझा शत्रू नव्हताच, चपातीबरोबरच्या भाजीतला कांदा होता. कांदा मात्र पक्का निघाला, दोन चमचे चिरलेल्या कांद्याला कळ आली. लसूण एक पाकळी, तेच. म्हणूनच कांदा, लसूण आणि गहू तिन्हीत फ्रुक्टन असलं तरी तिघांना वेगवेगळं तपासायचं असतं, एकाने झालं म्हणून दुसऱ्याने होईलच असं नाही. चवळी पाव वाटी चालते, रात्रभर भिजवून ते पाणी ओतून टाकून, ताज्या पाण्यात शिजवली तर. भिजवलेलं पाणी टाकल्याने त्यातल्या थोड्या साखरा निघून जातात. अर्धी वाटी झाली की गॅस. काजू मूठभर खाल्ले की त्रास, आणि आमच्या घरी काजूची झाडं आहेत, त्यामुळे हे जरा लागलं.

आंब्याचं एप्रिलपर्यंत लांबवलं. हापूस हा माझ्यासाठी फळ नाही, ती माझी आजी, आमचं मांगर, गवतात घातलेली आढी, सगळंच आहे. दोन वर्षं मी आंब्याला हात लावला नव्हता, मे महिन्यात घरी जायचंसुद्धा टाळायचे. तपासायचं म्हणून राजापूरला गेले, आईने जेवणानंतर एक फोड दिली, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी अर्धा आंबा. दोन फोडींपर्यंत काहीही झालं नाही, अर्ध्या आंब्याला संध्याकाळी फुगलं. तर दोन फोडी. आई रोज दोन फोडी वाटीत काढून ठेवायची, आणि मी त्या बारीक बारीक तुकडे करून अर्धा तास खायचे. आमरसाच्या वाटीला नाही म्हणायला अजून जड जातं. पण दोन फोडी आहेत.

डब्याच्या तक्रारीपण लिहिते, कारण कौतुकच लिहिलं तर खोटं वाटेल. भाज्यांचा फेर लहान आहे, बटाटा आठवड्यातून तीनदा येतो. आगळ घातलेल्या कालवणात मीठ बऱ्याचदा जास्त होतं, आगळ मुळातच खारट असतं, मी दोनदा सांगितलं, सुधारलं, परत झालं. सुरुवातीला डबे प्लॅस्टिकचे होते आणि रस्सा सांडायचा, आता स्टीलचे आहेत. रविवारी बंद. जूनपासून काकांची स्कूटर पावसात उशिरा येते, एकदा दीड वाजता डबा आला आणि ज्यांचं पोट वेळेवर चालतं त्यांना उशिरा जेवण म्हणजेच त्रास. आता पावसात मी सकाळीच जाताना घेऊन जाते. दर शाकाहारी डब्याचा ९० रुपये, मासळीचा १४०, साध्या डब्यापेक्षा दहा रुपये जास्त घेतात आणि ते अगदी रास्त आहेत, लसणीचं तेल रोज ताजं करावं लागतं. (हे तेल घरी करणार असाल तर करून बाहेर ठेवून देऊ नका, लसूण घातलेलं तेल बाहेर ठेवलं तर त्यात विषारी जंतू वाढू शकतात. थोडंच करा आणि त्याच दिवशी संपवा.)

सिलिअॅक असलेल्यांनी हा डबा लावू नये. बाकीच्यांच्या चपात्या आणि आपल्या भाकऱ्या एकाच तव्यावर होतात, आपल्याला त्याने काही होत नाही पण त्यांना कणभर गहूसुद्धा चालत नाही. काकू हे स्वतःच सांगतात आणि नाही म्हणतात, मी ऐकलंय. आणि ज्यांनी अजून तपासणीच केलेली नाही त्यांनी आधी गहू बंद करू नका, गहू बंद असताना सिलिअॅकची रक्त तपासणी केली तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, ताप, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, रक्त कमी असणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं काहीही असेल तर डबा नंतर, डॉक्टर आधी. ऑफिसातल्या त्या मुलीलाही मी हेच पहिलं विचारलं.

डबा सगळं बरं करत नाही हेपण लिहिते. मार्च एंडिंगला ऑफिसात रात्री नऊ नऊ वाजायचे, तेव्हा लाल दोऱ्याचा डबा खाऊनही पोट दुखायचं. त्रासाचं कारण नुसतं जेवण नाही, झोप आणि ताण पण आहे. डॉक्टरांनी दिलेलं इसबगोल मी अजून घेते, रात्री पाण्यातून, त्याने शौच एकसारखी राहते. आणि सगळ्यांनाच या डाएटने फरक पडतो असंही नाही, माझ्या एका मैत्रिणीला चार आठवडे करून काहीच फरक पडला नाही, तिच्या डॉक्टरांनी ते थांबवून औषध बदललं. चार आठवड्यांत फरक नाही पडला तर ओढत बसू नका.

माझं वजन सहापैकी चार किलो परत आलंय. गेल्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नात पंगतीला बसले, भात, वरून तूप, बटाट्याची भाजी, एक जिलबी. काकूंनी आदल्या दिवशी फोन करून वरणात काय असेल, मठ्ठ्यात लसूण असेल का, सगळं सांगून ठेवलं होतं.

कोणाला डबा लावायचा असेल तर सकाळी फोन करू नका, तेव्हा त्या चुलीजवळ असतात, चारनंतर स्वतः जा आणि बसून बोला. यादी लिहून न्या, तुमच्या डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी दिलेली, आपल्या मनाची नाही. कुठल्या टप्प्यात आहात ते सांगा. गणपतीत आठ दिवस बंद असतो. सध्या १ जूनपासून मासेमारी बंद आहे म्हणून मासळीच्या डब्यात सुका बांगडा, अंडी किंवा खाडीतलं काही मिळालं तर ते. बंदी ३१ जुलैपर्यंत. काकूंनी आत्ताच विचारून ठेवलंय की पहिला ताजा बांगडा आला की तळूक होयो की तिखला. मी तिखलं सांगितलंय.